भोरड्यांना पाजलेलं गूळपाणी

पिंजऱ्यावरचं गोणपाट उचललं आणि आधी वास आला. आंबूस, गुळाचा. मग पाहिलं तर सात भोरड्या तळाला पडल्या होत्या. काहींचे पाय वर, काहींची चोच कोपऱ्यात खुपसलेली. पोटाखालची गुलाबी पिसं ओली होऊन अंगाला चिकटली होती आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राचा लगदा झाला होता. एकीला बोटाने हलवलं. सुक्या काटकीसारखी ती एका बाजूने उचलली गेली आणि पुन्हा तशीच पडली.

गुरुवारची सकाळ होती. माझी भाची नलू दुपारच्या गाडीने पुण्याहून यायची होती. पक्षी तिचे होते. मारले मी.

मागून घरमालकीण गौरव्वा आली. तिने पदर तोंडाला लावला.

"अय्यो शिवा! समद्या गेल्या का वो?"

"दोन आहेत."

"आन् बुलबुल?"

बुलबुल शेजारच्या पिंजऱ्यात होते. चारही जण ओरडत होते, कारण त्यांना भूक लागली होती. गूळपाण्याची वाटी त्यांनी चाटूनपुसून कोरडी केली होती.

मी सोलापूरहून परत आल्यापासून आमच्या गावच्या बायका विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंत. मी म्हणते, चादरी पाहिल्या. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी चौथी शिकले आहे. मला लिहिता येतं. वाचताही येतं, आणि या हकिकतीत तेच जास्त महत्त्वाचं आहे.

नलू माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नऊ वर्षांची असताना माझ्याकडे आली, कारण त्यांच्या गावात पुढची शाळा नव्हती. चार वर्षं राहिली. अभ्यासात हुशार, जेवणात हट्टी. पुढे कॉलेजात गेली, पदवी झाली, आणि त्याच्या पुढची परीक्षा द्यायची म्हणून सोलापुरात खोली घेऊन एकटी राहू लागली. तिच्या वडिलांना हे पसंत नव्हतं. त्यांनी सांगून ठेवलं होतं, या जूनपर्यंत काय तो अभ्यास आटप, मग लग्न. मार्चमध्ये तिचं पत्र आलं. चार दिवस पुण्याला जाऊन सरांना काम दाखवायचं आहे, पक्ष्यांकडे पाहायला विश्वासाचं माणूस हवं, येशील का. मी विधवा बाई, म्हैस विकलेली, मुलं मुंबईत. गेले.

कोल्हापूर, मिरज, सांगोला अशा गाड्या बदलत गेले. आमच्याकडे डोंगर सोडत नाही आणि तिकडे डोंगर सापडत नाही. सपाट काळी जमीन, मधेच एखादी बाभळ, आणि आभाळ एवढं की डोळे दुखतात. दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. कापलेल्या ज्वारीच्या कडब्याच्या गंजी शेतात उभ्या होत्या. मला त्या दुरून घरं वाटल्या.

मंगळवेढ्याला एक शेतकरी ज्वारीचं पोतं घेऊन चढला आणि माझ्या शेजारी बसला.

"मावशी, जरा सरकता का? पोतं पायात घेतो. कुटनं आलाव?"

"रत्नागिरीकडून."

"बाबौ! तितं पाऊस म्हणं थांबतच न्हाय."

"थांबतो. दसऱ्याला."

"आमच्याकडं सुरूच व्हत न्हाय," तो म्हणाला. "आन् सोलापुरात कुणाकडं?"

मी सांगितलं, भाचीकडे, ती भोरड्यांचा अभ्यास करते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी भाची दरोडेखोर पाळते.

"भोरड्या? अवो, त्या कणसाला लागल्या की नुसती बोंडकी ऱ्हात्यात. माळ्यावर उभं ऱ्हाऊन गोफण फिरवून खांदं निखळायची येळ येती आमची. आन् तुमची भाची त्यास्नी जेवाय घालती?"

"घालते."

"मग तिला म्हणावं, माज्या रानात ये. हजारभर देतो फुकट. वर च्या बी पाजतो!"

गाडी हसली. मग तो तंबाखू मळता मळता गंभीर झाला. "पर एक सांगू का मावशी. लई तऱ्हेवाईक पाखरू हाय. ज्वारी खाईल, वडाची फळं खाईल, टोळ खाईल. आमच्या शेजाऱ्याचं गुऱ्हाळ हाय. उसाचा रस सांडतो, माश्या येत्यात, मुंग्या येत्यात, मोहळाच्या माश्या येत्यात. भोरडी न्हाय येत. बांधावर बसती, पर रसाला चोच लावत न्हाय."

"का बरं?"

"आता ते तिला इचारा की. मी काय तिच्या पोटात शिरून बघितलंय?"

मला हसू आलं आणि मी ते तिथेच सोडून दिलं. आता ते वाक्य रोज आठवतं.

नलूची खोली अक्कलकोट रस्त्याला, गाव संपून शेतं लागतात तिथे होती. पुढे गौरव्वा आणि तिचा नवरा, मागे नलूच्या दोन खोल्या आणि पडवी. गौरव्वा माझ्याच वयाची. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात हिरव्या बांगड्या. घरात कानडी बोलायची, माझ्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही. मी उन्हातून आले तशी तिने आधी पितळेच्या ताटलीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. आमच्याकडेही हीच रीत. डोंगर बदलतात, भात जाऊन भाकरी येते, पण उन्हातून आलेल्याला गूळपाणी दोन्हीकडे मिळतं. मला बरं वाटलं. त्या रीतीवर माझा किती विश्वास आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

नलूने चहा केला. मला दुधाचा, स्वतःला कोरा.

"अजून तशीच का?" मी म्हटलं.

"अजून तशीच," ती म्हणाली.

माझ्याकडे असताना रोज सकाळी म्हशीच्या दुधाचा पेला तिच्यापुढे ठेवला जायचा. पोटात दुखतं म्हणायची. मी ती थेरं समजायचे. पेला संपेपर्यंत उठायचं नाही, हा माझ्या घरचा नियम होता.

पडवीत दोन मोठे पिंजरे होते. एकात नऊ भोरड्या. साळुंकीएवढा पक्षी, डोकं आणि पंख काळे, पाठ आणि पोट फिकट गुलाबी. हिवाळ्यात कुठून तरी लांबून थव्याने येतात आणि एप्रिलात जातात. दुसऱ्या पिंजऱ्यात चार बुलबुल. मी म्हटलं, एवढ्यासाठी तू घर सोडून इथे राहिलीस?

तिने मला खुर्ची दिली आणि हातातलं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. एका बुलबुलाला घाणेरीची पिकलेली फळं घातली आणि म्हणाली, "बघत राहा." वीस मिनिटं झाली असतील नसतील, फळांच्या बिया खालच्या कागदावर आल्या.

"एवढ्यात?" मी म्हटलं. "आमच्या गावात असं पोट असतं तर एरंडेलाची बाटली कुणी विकत घेतली नसती."

ती हसली. फार दिवसांनी मी तिला माझ्या बोलण्यावर हसताना पाहिलं. मग ती सांगू लागली, आणि सांगताना तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, उडणाऱ्याला जड पोट परवडत नाही. आतडं तोकडं. फळात पाणी फार, सत्त्व थोडं. म्हणून भराभर खायचं आणि भराभर बाहेर टाकायचं. जे फळ या घाईत पचतं ते त्यांचं. जे पचत नाही ते कितीही गोड असो, दोनदा खाऊन पाहतात आणि सोडतात.

"त्यांना कोण सांगतं?"

"पोट सांगतं. चोच ऐकते."

तिचा प्रश्न असा होता की बुलबुल जे गोड आनंदाने पितात त्यातलं काही भोरड्या का टाकतात. त्यासाठी ती दोन दोन वाट्या ठेवून किती प्यायले, काय सांडलं, शीट कशी झाली, सगळं लिहून ठेवायची. दोन हिवाळे ती हे करत होती. मागच्या वर्षीचे पक्षी तिने एप्रिलात सोडून दिले होते. या वर्षीचं शेवटचं पंधरा दिवसांचं काम बाकी होतं. एप्रिलात थवे गेले की पुन्हा पक्षी मिळणार नव्हते, आणि जून आला की तिला मुदत मिळणार नव्हती. हे तिने मला स्पष्ट सांगितलं. मला कळलंही.

रविवारी संध्याकाळी निघताना ती म्हणाली, "उंबरं आणि वडाची फळं, दोन वेळा. साधं पाणी. दुसरं काही नाही. आणि मावशी, सगळं त्या वहीत लिहिलंय. काही अडलं तर बघ."

खिळ्याला दोरीने वही टांगली होती. मी मान हलवली. मनात म्हटलं, पाखराला दाणापाणी करायला वही कशाला लागते? मी पाच मुलं वाढवली, ती काही वही बघून नाही.

सोमवारी गौरव्वाने मला सिद्धेश्वराला नेलं. देऊळ तळ्यात आहे. दुष्काळात तळं आटलं होतं म्हणे, आता पाणी होतं. लोक ते पाणी नुसतं बघत बसले होते. आमच्याकडे पाण्याकडे कोणी असं बघत नाही. परतताना चादरी पाहिल्या. मागांचा खडखडाट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो, आणि आतले लोक त्यात तेलुगूत गप्पा मारत असतात, ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. त्यांना एकमेकांचं ऐकू कसं येतं, देव जाणे.

जेवणाचं मात्र जमलं नाही. तिकडची कडक भाकरी पापडासारखी वाजते आणि महिना महिना टिकते. माझी उरलेली एक दाढ तिने हलवली. शेंगदाण्याची चटणी चवीला फार चांगली, पण सोमवारी खाल्ली आणि मंगळवारची सकाळ मी मोरीच्या वाटेवर घालवली. दुपारी गौरव्वाने पुन्हा वाढली. मी ताटावर हात आडवा धरला.

"खावा की मावशी, जरा."

"मला सोसत नाही."

"बरं. मग ताकभात देते," ती म्हणाली आणि चटणीची वाटी उचलून नेली. एका शब्दात संपलं. म्हाताऱ्या माणसाने पोटावर हात ठेवून नको म्हटलं की ते नको असतं. लहान मुलाने म्हटलं तर थेरं असतात. पाखराने म्हटलं तर कुणाला कळणार?

मंगळवारपासून चूक सुरू झाली, आणि ती मी स्वच्छतेने सुरू केली. गौरव्वाच्या आडाजवळच्या झाडाची उंबरं मी घालायचे. एक फोडून पाहिलं तर आत चिलटांएवढे किडे. दुसरं फोडलं, त्यातही. मी टोपलीभर उंबरं उकिरड्यावर नेऊन ओतली. निवडून चार-पाच घट्ट, हिरवट तेवढी पिंजऱ्यात ठेवली. उंबर म्हटलं की आत किडे असणारच, आणि पाखरांना त्याचं काही नसतं, हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. पण फळ निवडायला बसले की माझे हात आपोआप चालतात. वडाची फळंही मी धुऊन घेतली आणि निम्मी फेकली.

बुधवारी उन्हाची झळ अशी सुरू झाली की पडवीची फरशी तापली. भोरड्या चोची उघड्या टाकून बसल्या. खात नव्हत्या, कारण खाण्यासारखं मी फारसं ठेवलंच नव्हतं. मला वाटलं ऊन लागलं.

"बिचारी," गौरव्वा म्हणाली. "उन्हानं जीव गेलाय त्यांचा. गूळपाणी द्या की जरा."

तिने म्हटलं म्हणून मी दिलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मनात तेच होतं. मी मोठ्या भांड्यात चांगलं दाट गूळपाणी केलं आणि दोन्ही पिंजऱ्यांत वाट्या ठेवल्या. बुलबुल तुटून पडले. भोरड्यांतली एक आली, चोच बुडवली, डोकं झटकलं, आणि दांडीवर चोच पुसली. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने. दुसरीने तेच केलं. मग कोणी आलंच नाही.

गौरव्वा हसली. "बेडा म्हनती की वो ती."

कानडीत बेडा म्हणजे नको.

"नको म्हणायला काय जातंय तिचं," मी म्हटलं. "शेजारी साधं पाणी आहे ना, म्हणून हे नखरे."

आणि मी साध्या पाण्याची वाटी काढून घेतली. उरलेली वडाची फळं गूळपाण्यात बुडवून ठेवली. मुलांच्या बाबतीत ही युक्ती कधी फसली नव्हती. नाही तर नाही, तहान लागली की पितील.

प्यायल्या. त्या उन्हात दुसरं काय करणार. दुपार कलताना पाहिलं तर शीट पातळ झाली होती, नुसतं पाणी. आता आमच्याकडे पोरांना जुलाब झाले की काय करतात? साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्याने पाजतात. तेच मी केलं. आता मी त्यांना मनावर सोडलं नाही. एकेकीला पंच्यात धरून कापसाच्या वातीने चोचीत थेंब पिळले. गौरव्वा धरायची, मी पिळायचे.

"चोच मिटती वो ही."

"नाक दाबा जरा, उघडेल."

सात जणींना पाजलं. दोघी हाताला लागेनात. एकीने माझ्या अंगठ्याचं सालटं काढलं, दुसरीने गौरव्वाच्या बोटाला असा चिमटा घेतला की ती कानडीत ओरडली. दोघी सुटून वरच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. मी दमले होते. "मरा मग," मी म्हटलं. तिथे मंगळवारची चार हिरवट उंबरं तारेत अडकली होती, तीच त्या टोचत बसल्या. दिवेलागणीला मी पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं, आणि आपण एक जबाबदारीचं काम नीट केलं असं वाटून जेवले.

सकाळी जे होतं ते पहिल्याच ओळीत सांगितलं आहे.

नलू दुपारी आली. रिक्षातून उतरतानाच तिने माझं तोंड पाहिलं आणि सरळ पडवीत गेली. ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, रडेल. मी त्याची तयारी करून बसले होते. तिने पिशवी खाली ठेवली, जमिनीवर बसली, वही खिळ्यावरून काढली आणि पेन उघडलं.

"काय दिलंस?"

"गूळपाणी."

"किती दाट?"

मी सांगितलं.

"साधं पाणी कधी काढलंस?"

"बुधवारी. अकराच्या सुमाराला."

"पातळ शीट कधी दिसली? त्यानंतर काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. वातीचंही सांगितलं. नाक दाबल्याचंही. ती लिहीत गेली. मी तिच्यासमोर उभी होते आणि ती मान वर न करता लिहीत होती, आणि मला वाटलं, हिने एक शिवी दिली तर बरं होईल.

"वही उघडली होतीस?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"तुला वाचता येतं."

"येतं."

तिने पान काढून वही माझ्यापुढे केली. तिचं अक्षर मीच वळवलेलं, गोल आणि मोठं. लिहिलं होतं: साखरेचं किंवा गुळाचं पाणी, भोरड्या एक-दोन घोट घेऊन सोडतात. अर्ध्या तासात पातळ शीट. मधाचं पाणी आवडीने पितात, त्रास नाही. बुलबुलांना दोन्ही चालतं. भोरड्यांना साखर, गूळ देऊ नये. "देऊ नये"खाली दोन रेघा होत्या.

मग तिने मला समजावलं, शिक्षिकेने मुलाला समजवावं तसं. साखर पोटात गेली की ती आधी फुटावी लागते, तिचे दोन तुकडे व्हावे लागतात, तेव्हा ती अंगी लागते. ते फोडणारं पाचक बुलबुलाकडे आहे. भोरडीकडे, साळुंकीकडे ते नसावं. मधातली साखर, वडाच्या फळातली साखर आधीच फुटलेली असते, ती चालते. न फुटलेली आतड्यात तशीच पडते आणि अंगातलं पाणी ओढून घेऊन बाहेर पडते. "हे माझं मत आहे," ती म्हणाली. "तेच दाखवायचं होतं. पंधरा दिवस लागले असते."

"म्हणजे जितकं पाजलं तितकं..."

"तितकं पाणी त्यांच्या अंगातून गेलं. त्या पाणी नको म्हणत नव्हत्या, मावशी. गूळ नको म्हणत होत्या."

मी विचारलं, "आणि तू? दुधाला?"

तिने वही मिटली. "पोटात दुखायचं. अजून दुखतं. मी दोन वर्षं ते मोरीत ओतलं. एकदा सापडले, तेव्हा तू पळी मारलीस." तिने कपाळ दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती. डाव्या भुवईवरचा तो व्रण मी रोज वेणी घालताना पाहत असे, आणि शाळेत पडली असं सगळ्यांना सांगत असे.

मी क्षमा मागितली का? नाही. मला तसं बोलता येत नाही. मी बादली घेतली आणि पिंजरा धुतला. तिने मेलेल्या साती जणींना उघडलं, आतडी काढून बाटल्यांत ठेवली आणि बाटल्यांवर नंबर घातले. उरलेलं आम्ही आडामागे पुरलं. गौरव्वाने वर पाणी शिंपडलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मग चटणीविना जेवण घेऊन आली.

त्या रविवारी मी नलूच्या वडिलांना पत्र लिहिलं. पक्षी माझ्या हाताने मेले, मुलीची चूक नाही, तिला आणखी एक हिवाळा द्या. आठ दिवसांत उत्तर आलं. जून म्हणजे जून, आणि पाखरांपायी मुलीचं वय थांबत नाही. मी आणखी एक लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

नलूने जे हातात होतं त्यावर काम केलं. सरांनी ते वाचून चांगलं आहे पण अपुरं आहे म्हटलं, पुढच्या वर्षी पक्षी धरून पुरं कर म्हटलं. पुढचं वर्ष तिला नव्हतं. ज्येष्ठात लग्न झालं. मुलगा बरा आहे. पंगतीत तिची सासू नव्या सुनेपुढे केशरी दुधाचा पेला घेऊन आली, तेव्हा मी उठून तिच्या हातातून तो घेतला. चार माणसांत म्हटलं, हिला दूध सोसत नाही, ही नको म्हणेल तेव्हा ऐका. लोकांना ते आगाऊपणाचं वाटलं. नलूने माझ्याकडे पाहिलं आणि पानात मान घातली. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं नाही.

वही तिने सासरी नेली नाही. माझ्याकडे दिली. आता ती आमच्या घरात खिळ्याला आहे आणि मी ती पहिल्या पानापासून वाचते आहे. कठीण शब्द आले की थांबते. शेवटच्या पानावर एप्रिलची नोंद आहे. थवे निघाले त्या सकाळी तिने पिंजरा उघडला, त्याची. मीही तोवर तिथेच होते.

बुलबुल चारही जगले. भोरड्यांपैकी दोन जगल्या. आमच्या हाताला चावून सुटल्या होत्या, त्या दोन.